डोळे मिटले की तुम्हाला काय दिसतं?

आरसपानी

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर नवऱ्याबद्दल एक गोष्ट पहिल्यांदा कळली. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी असंच असेल आणि कुणाच्या लक्षातही आलं नसेल, असं सारखं वाटतंय.

नवऱ्याचा फोन भरला होता, रडतखडत चालायचा. "तू बघ ना जरा," म्हणून त्यानेच माझ्या हातात दिला. फोटो उघडले तर सासूबाईंच्या शेवटच्या वर्षातले ढीगभर फोटो. त्यांना जाऊन चार वर्षं होत आली. एकच खुर्ची, खिडकीतून येणारा एकच उजेड आणि पाठोपाठ नऊ फोटो. एकात मान जराशी डावीकडे, एकात ओठ किंचित उघडे, एकात नुसता कान आणि कानामागे गेलेली चष्म्याची काडी. मी प्रत्येक घोळक्यातला एक चांगला ठेवला आणि बाकीचे काढून टाकले. दोनशेच्या वर गेले. काम चोख झालं असं वाटलं.

दोन दिवसांनी रात्री तो पलंगाच्या कडेला फोन धरून बसलेला दिसला. बोट वर-खाली, वर-खाली. "आईचे फोटो कुठे गेले?" मी सांगितलं, सारखे होते ते काढले, चांगले ठेवलेत. तो काहीच बोलला नाही. चिडला असता तर परवडलं असतं. मग मी बोलायला नको ते बोलून गेले, "अरे, आईचा चेहरा काय फोटो बघून लक्षात ठेवायचा असतो? डोळे मिटले की आपलं माणूस समोर उभं राहतंच की."

तो म्हणाला, "तुझ्यासमोर खरंच उभं राहतं?"

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. डोळे मिटल्यावर त्याला काहीही दिसत नाही. आई नाही, मुलगी नाही, मी नाही. समोर आलेलं माणूस तो लगेच ओळखतो. आईच्या चेहऱ्याबद्दल त्याला सगळं माहीत आहे, पण तो चेहरा आणावा म्हटलं तर येत नाही. स्वप्नात ती दिसते आणि जाग आली की पुसली जाते. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो समजत होता की सगळ्यांचं असंच असतं. "डोळ्यांसमोर उभं राहणं" हा त्याच्या लेखी वाक्प्रचार. काळजाचं पाणी पाणी होतं म्हणजे काही खरोखर पाणी होत नाही, तसलाच.

फोटो परत मिळाले, हे आधी सांगून टाकते. काढलेले फोटो त्याच्या फोनमध्ये तीस दिवस कचरापेटीत राहतात आणि दोनच दिवस झाले होते. तुमच्याकडून कधी असं झालं तर घाबरून इकडेतिकडे काही दाबत बसू नका, आधी ती पेटी उघडा.

याला अफँटेझिया म्हणतात. ॲडम झीमन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली हे नाव दिलं. पण गोष्ट जुनी आहे. फ्रान्सिस गॉल्टन या ब्रिटिश संशोधकांनी १८८० साली यावर लिहिलं. त्यांनी लोकांना विचारलं होतं, आज सकाळी ज्या टेबलावर न्याहारी केलीत ते मनात आणा. चित्र स्पष्ट आहे का? रंग दिसतात का? आधी त्यांनी ओळखीच्या वैज्ञानिकांना विचारलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी कळवलं की असं चित्रबित्र काही नसतं, ती बोलण्याची एक पद्धत आहे. अगदी माझ्या नवऱ्याचंच उत्तर. हा आजार नव्हे. शंभरातल्या एक ते चार जणांना चित्र दिसत नाही किंवा फारच पुसट दिसतं, असं आजवरचे अंदाज सांगतात.

मला तेव्हापासून एक गोष्ट छळतेय. सोळा वर्षं मी त्याच्या फोनच्या सवयींचे अर्थ लावत आले आणि सगळे अर्थ स्वभावाचे लावले. कुठे गेलो की हा फोटो काढत बसतो, म्हणजे याला समोरचं मन भरून बघता येत नाही. गाडी लावली की खांबावरच्या नंबरचा फोटो, म्हणजे वेंधळा. बाहेरगावी गेला की रोज व्हिडिओ कॉलचा हट्ट. मी म्हणायचे, आवाज ऐकलास ना, पुरे की आता, मला कामं आहेत. आणि बंद करायचे. तो माझा चेहरा बघायला फोन करत होता.

फोनवरून घरात जी भांडणं होतात, त्यातली किती मुळात फोनची नसतातच? तुमच्याकडे कसं आहे ते लिहा. घरच्यांना विचारून लिहिलंत तर फारच बरं.


चौकस

वाचून पोटात कालवलं. तरी एक शंका विचारतो, राग मानू नका. दुसऱ्याच्या डोक्यात डोकावता येत नाही. तुम्ही म्हणता दिसतं, ते म्हणतात दिसत नाही. कदाचित दोघांनाही तेच होत असेल आणि त्याला दिसणं म्हणायचं की नाही, एवढाच फरक असेल. मी आत्ता डोळे मिटून आमच्या घराचं दार आठवत बसलो होतो. पाच मिनिटं झाली तरी ते मला 'दिसतंय' की नुसतं 'माहीत आहे' हे ठरवता आलं नाही.

दुसरं, माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे आणि फोन हातातून खाली ठेवत नाही. बोललं की म्हणतो, माझा मेंदूच तसा आहे. प्रत्येक सवयीला मेंदूचं कारण देता येऊ लागलं तर घरात कुणी कुणाला काही म्हणायचंच नाही का?


एकटाकी

चौकस, तुमची पहिली शंका रास्त आहे आणि ती संशोधकांनाही पडली होती. त्यांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो, म्हणून सांगतो.

उजेडात डोळ्याची बाहुली आकसते. ती आपल्या ताब्यात नसते, ठरवून आकसवता येत नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जोएल पिअरसन यांच्या गटाने २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना उजळ किंवा गडद आकृत्या दाखवायच्या आणि मग रिकाम्या पडद्याकडे बघत त्याच आकृत्या मनात आणायला सांगायच्या. ज्यांना चित्र दिसतं त्यांची बाहुली नुसत्या कल्पनेतल्या उजेडानेही आकसली. अफँटेझिया असलेल्यांची खऱ्या उजेडात नीट आकसली, कल्पनेतल्या उजेडात हलली नाही. मग कुणी म्हणेल, त्यांनी प्रयत्नच केला नसेल. तर एकाऐवजी चार आकृत्या मनात आणायला सांगितल्यावर त्यांच्याही बाहुल्या रुंदावल्या. मेंदूला कष्ट पडले की त्या रुंदावतात. म्हणजे प्रयत्न झाला होता, चित्र आलं नव्हतं.

त्याआधी २०२१ साली याच गटाने अंधाऱ्या खोलीत लोकांना भीतिदायक प्रसंग वाचायला दिले आणि त्वचेवरचा घाम मोजला. चित्र दिसणाऱ्यांना वाचता वाचता घाम फुटत गेला, अफँटेझियावाल्यांना जवळजवळ नाही. पण भीतिदायक फोटो प्रत्यक्ष समोर ठेवले तेव्हा दोघांचं सारखंच झालं. आरसपानी ताई, तुमच्या नवऱ्याला फोटो का लागतात याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

तुमच्या मुलाचं मात्र वेगळं आहे असं माझं ठाम मत आहे. बोट सरकवत राहिलं की खालून नवं नवं येतच राहतं, ही सोय कुणाच्या मेंदूतून आपोआप उगवलेली नाही. अझा रास्किन या संगणक-रचनाकारांनी २००६ साली ती रचली आणि पुढे स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पान संपतच नसेल तर थांबायचं कुठे हे कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही, मलाही नाही. त्यावर मुलाशी बोलायलाच हवं. फक्त 'तुझा स्वभावच असा' हे वाक्य गाळून बोलून बघा.


पानगळ

आमच्या बाबांचं सांगते. अजून सलतं.

बाबा एकटे राहतात, वय ७९. रोज रात्री नऊ वाजता मला आणि भावाला व्हिडिओ कॉल, एक दिवस चुकत नाही. सुट्टीत गेलो तेव्हा भावाने त्यांचा फोन 'सोपा' करून दिला. पडद्यावर चाळीसेक चिन्हं पसरलेली होती, ती त्याने गटांत घातली. बोलण्याची एकात, बँकेची एकात, बातम्यांची एकात. मोठ्या अक्षरांत नावं दिली. बाबा "छान, छान" म्हणाले. आम्ही परत आलो.

पाच दिवस बाबांचा फोन नाही. आपण केला की उचलायचे, बरं आहे म्हणायचे, ठेवायचे. आम्हाला वाटलं रुसलेत, दोन दिवस आधी निघालो त्याचा राग असेल. सहाव्या दिवशी शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्यांना फोन लावता येत नाहीये, तुम्हाला सांगू नका म्हणाले.

बाबांना त्या ॲपचं नाव माहीतच नव्हतं, त्यांना त्याची जागा माहीत होती. उजव्या कडेला, खालून दुसरं, हिरवं. अंगठा आपोआप तिथे जायचा, अंधारात दिव्याचं बटण हाताला सापडतं तसा. आम्ही भिंतीवरचं बटण हलवलं आणि त्याच्या नव्या जागी सुबक पाटी लावली. आणि त्यांनी विचारलं का नाही? कारण त्यांना वाटलं, आपल्याच डोक्याला काहीतरी व्हायला लागलंय आणि हे मुलांना कळलं तर ती आपल्याला एकटं राहू देणार नाहीत. ते पाच दिवस ते कोणत्या भीतीत होते, याचा विचार आला की अजून झोप उडते.

ओफर बर्गमन नावाचे एक संशोधक आहेत, माणसं आपल्या वस्तू संगणकात कशी ठेवतात आणि कशी शोधतात यावरच काम करतात. २००८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शोधायची सोय कितीही सुधारली तरी बहुतेक लोक आपल्या फाइलपर्यंत फोल्डरमागून फोल्डर उघडत जाणंच पसंत करतात. शोधायचं तर शब्द आठवावा लागतो, जागेवर जायला शब्द लागत नाही. माझ्या भावाचं मन नावांनी चालतं. तो सगळं शोधून उघडतो, त्याच्या फोनवर कुठे काय आहे ते त्यालाच ठाऊक नसतं आणि त्याचं काही अडत नाही. त्याने बाबांचा फोन प्रेमाने, अगदी मन लावून, स्वतःसारखा करून दिला होता.

मग व्हिडिओ कॉलवर दीड तास लागला. बाबा सांगायचे, "हे इथे नव्हतं, त्याच्या खाली," आणि काकू एकेक चिन्ह उचलून परत ठेवायच्या.


सांजवेळ

नकाशाचं कुणी लिहिलं नाही. मला नकाशात उत्तर दिशा कायम वर लागते, नवऱ्याला गाडीबरोबर फिरणारा नकाशा लागतो. गाडीत एकच फोन लावलेला. "पुन्हा कुणी बदललं हे?" यावरून दर खेपेला वाजायचं. आता जो उतरतो तो दुसऱ्यासाठी बदलून ठेवतो. बाकी वाचतेय.


रातवा

माझं चित्रांचं फारसं नाही, शब्दांचं आहे. माझ्या डोक्यात बोलणं चालू असतं. उद्या कुणाला काय म्हणायचं, ते काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणायचं. लहान मुलं खेळताना मोठ्याने स्वतःशी बोलतात, तेच बोलणं पुढे आत जातं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मांडलं होतं. माझं आत गेलं ते थांबलंच नाही.

बायकोचं तसं नाही. काय म्हणायचंय ते तिला पक्कं ठाऊक असतं, पण त्याला शब्द नसतात. ते बोलायच्या वेळी जुळवावे लागतात. हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

एक प्रसंग सांगतो. माझी आई आजारी होती. मी ऑफिसातून बायकोला लांबलचक मेसेज केला, आईला आपल्याकडे आणायचं का. निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग वर 'टायपिंग' आलं, गेलं, आलं, गेलं. मी पडद्याकडे बघत बसलो होतो, मीटिंग चालू होती ती कानावरूनच गेली. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं, "बघू." त्या एका शब्दाचा राग मी वर्षभर धरून होतो. तिला आई नको आहे, असंच मी धरून चाललो. आईला आणलं, तिने सगळं केलं, मनापासून केलं, तरी माझ्या मनातला तो 'बघू' जाईना. पुढे कधीतरी विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "मी किती वेळा लिहून पुसलं तुला माहीत आहे? जे लिहायचे ते मला म्हणायचं होतं त्याच्यासारखं दिसतच नव्हतं. शेवटी म्हटलं, संध्याकाळी तोंडानेच सांगू. आणि तू आलास तो तोंड पाडूनच."

निळ्या खुणा व्हॉट्सॲपवर २०१४ साली आल्या. त्यांच्यावरून समोरच्याने वाचलं एवढंच कळतं. वाचून त्याच्या मनात काय सुरू झालं, ते शब्दांपर्यंत यायला किती वेळ लागणार, हे कुठली खूण सांगणार? आम्ही आता दोघांच्याही फोनवर त्या बंद केल्यात. महत्त्वाचं असेल तर ती एवढंच लिहिते, "पोचलं, रात्री बोलते." मला तेवढं पुरतं.

चौकस यांनी सावध केलंय ते मात्र मी मानतो. रसेल हर्लबर्ट हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून एकच काम करत आलेत. माणसाजवळ एक छोटं यंत्र द्यायचं, ते दिवसभरात कधीही बीप करतं आणि बीपच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होतं ते टिपून ठेवायचं. कुणाच्या मनात शब्द, कुणाच्या चित्रं, कुणाच्या नुसती भावना, कुणाचं लक्ष एखाद्या रंगाकडे किंवा स्पर्शाकडे, आणि कुणाच्या मनात शब्द नाहीत, चित्र नाही, तरी विचार अगदी स्पष्ट. माणसागणिक यात फार फरक निघतो. आणि आपल्या मनाबद्दल आपण जे ठामपणे सांगतो ते बीपच्या नोंदींशी पुष्कळदा जुळत नाही. म्हणजे मी 'अखंड बोलणं' म्हणतो तेही तपासून बघायला हवं. म्हणून आमच्याकडे आता असे दावे करायच्या आधी प्रश्न विचारतो, नेमकं आत्ता, या क्षणाच्या आधी, काय चाललं होतं?

अवांतर, पण घरी करून बघण्यासारखं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन विद्यार्थी असताना मनातल्या मनात आकडे मोजायचे आणि मोजता मोजता दुसरं काय करता येतं ते बघायचे. त्यांना मोजताना वाचता येई, बोलता येत नसे. गणितज्ञ जॉन टुकी म्हणाले, हे शक्यच नाही, मला बोलता येतं पण वाचता येत नाही. मग उलगडा झाला. फाइनमन आकडे मनात म्हणत होते, त्यामुळे त्यांचा आवाज गुंतलेला. टुकी आकडे सरकत्या पट्टीवर बघत होते, त्यामुळे त्यांची नजर गुंतलेली. साठपर्यंत मोजायला एक मिनिट लागतं. करून बघा.


खूणगाठ

घरातल्या आठवणींच्या वाटणीबद्दल लिहितो. आमच्या घरी कोण कुठे राहतं, कुणाचं काय दुखतं, कुणाशी काय बोलायचं नाही, हे बायकोकडे. गाडी, वीज, कागदपत्रं, पासवर्ड माझ्याकडे. हे कधी बसून ठरवलं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८५ साली याबद्दल लिहिलं. एकत्र राहणाऱ्या माणसांची स्मरणशक्ती जणू दोन डोक्यांत मिळून असते, आणि आपल्याला गोष्ट आठवण्यापेक्षा ती कुणाला आठवते हे आठवत असतं.

दोन वर्षांपूर्वी मी घरासाठी सामायिक कॅलेंडर सुरू केलं. प्रत्येकाला एक रंग, प्रत्येक गोष्टीला मालक. मोठ्या उत्साहाने तीन रविवार घालवले. आणि त्या वर्षी मुलाच्या शाळेतली पालकसभा पहिल्यांदाच दोघांकडूनही चुकली. मला वाटलं तिने टाकलं असेल, तिला वाटलं कॅलेंडर सांगेल. वेग्नर यांच्या गटाचा १९९१ सालचा एक प्रयोग मला नंतर वाचायला मिळाला. जोड्यांना काही माहिती लक्षात ठेवायला द्यायची आणि निम्म्या जोड्यांना आधीच सांगून टाकायचं की कुणी कोणता विषय लक्षात ठेवायचा. अनोळखी माणसांच्या जोड्यांना या वाटणीचा उपयोग झाला. प्रेमात असलेल्या जोड्यांचं काम उलट बिघडलं, कारण त्यांची आतली वाटणी आधीच बसलेली होती आणि वरून दुसरी लादली गेली. वाचल्यावर मी ते कॅलेंडर बंद केलं. तिला जे लक्षात राहतं ते तिच्याकडे, मला जे राहतं ते माझ्याकडे.


दीपमाळ

खूणगाठ, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय, पण मला यावर बोललंच पाहिजे.

'तिला जे लक्षात राहतं ते तिच्याकडे.' तिला ते का राहतं? जन्मतः? की घरात दुसऱ्या कुणी ठेवलंच नाही म्हणून? तुमच्या यादीतली गाडी, वीज, कागदपत्रं वर्षातून काही वेळा येतात. कुणाचं काय दुखतं हे रोज असतं, रात्रीसुद्धा असतं. माझ्या फोनमध्ये आज सतरा रिमाइंडर आहेत. त्यातला एक माझा आहे, बाकी सगळे इतरांचे. पहाटे तीनला जाग येते ती मुलीच्या अर्जाची मुदत आठवून. मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ सालीच सांगून ठेवलंय की अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मनात जास्त घर करून राहतं. घरातली सगळ्यांची अर्धवट कामं एकाच डोक्यात ठेवली तर त्या डोक्याला झोप कुठून येणार?

आरसपानी, तुझी गोष्ट वाचून मी रडले, हेही खरं. पण 'आमचं डोकं वेगळं' हे वाक्य किती सहज कामं ढकलायला वापरलं जातं, ते मी माझ्या घरी बघितलंय. वीस वर्षं ऐकलं, मला नाही बाई लक्षात राहत. ऑफिसातलं सगळं राहत होतं. ज्याला चित्र दिसत नाही तो फोटो काढून ठेवतो, तुझ्या नवऱ्याने तेच केलंय. ज्याला लक्षात राहत नाही त्याने रिमाइंडर लावावा. फोन त्याच्याही खिशात आहे.


खूणगाठ

दीपमाळ ताई, तुमचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "कॅलेंडर बंद केलंस तेव्हा मला विचारलं होतंस का?" विचारलं नव्हतं. सुरू करतानाही नव्हतं. शाळेचं आणि दवाखान्याचं आजपासून माझ्याकडे घेतलंय, आणि रिमाइंडर माझ्या फोनवर लावलेत.


चौकस

साठपर्यंत मोजून पाहिलं. मला मोजताना वर्तमानपत्र वाचता येतं, तोंडातून शब्द फुटत नाही. बायको मोजता मोजता माझ्याशी आरामात बोलली, आणि कागद पुढे धरला की अडकली. तिला आकडे भिंतीवर दिसतात म्हणे, काळ्यावर पांढरे. बावीस वर्षांत हे कधी निघालं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणून तू हिशेब करताना मी काही विचारलं की खेकसतोस."

मुलालाही करायला लावलं. त्याला दोन्ही जमेना. मग तो म्हणाला, मला मोजताना हात हलवावे लागतात, बोटांवर जाणवतं ते. त्या निमित्ताने अर्धा तास तिघं एका खोलीत होतो. त्याचा फोन बाजूला होता, ठेव म्हणून मी सांगितलं नव्हतं. फोनबद्दल बोलायचं राहूनच गेलं. बोलेन. माझी शंका पूर्ण गेलेली नाही, पण प्रश्न आता वेगळा विचारेन हे नक्की.


आरसपानी

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. दीपमाळ, तुझं बरोबर आहे. आमच्याकडेही तशी कामं आहेत, आणि त्यातली काही मी आज त्याच्यासमोर मोजून दाखवली. त्यावर तो वाद घालत बसला नाही.

काल आम्ही दोघं मिळून फोटोंची आणखी एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवली. या वेळी मी काहीच निवडलं नाही. तो एकेक उघडून सांगत होता की हा कशासाठी आहे. ते नऊ मला सारखे दिसत होते, त्याच्यासाठी सारखे नव्हते. एक वळलेल्या मानेसाठी, एक कानासाठी, एक हसण्याच्या अगदी आधीच्या ओठांसाठी. मला हे सगळं एकत्र आठवतं. तो तुकडे जमवून ठेवतो.

मी विचारलं, फोटो नसताना आईचं तुझ्याकडे काय असतं? तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग सांगायला लागला. आई फोन कधी कानाला लावायची नाही. चार बोटं लांब धरायची, हातातल्या आरशात बघतात तसा, आणि पलीकडचा माणूस फार दूर आहे म्हणून मोठ्याने बोलायची. बोलून झालं की फोन बंद करायच्या आधी पदराने पुसायची. पलीकडच्याला तो खरखर आवाज ऐकू यायचा आणि त्यावरून कळायचं, आता ठेवतेय.

मी हे विसरून गेले होते. तो बोलत असताना सासूबाई माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, हातात फोन, पदराचं टोक बोटांत धरलेलं. मी त्याला तसं सांगितलं.

तो म्हणाला, "कोणतं लुगडं आहे?"

मी सांगितलं.